चिंतामणी हेरेकरांचे शेचाळीस पेजर

बेळगावच्या टिळकवाडीत प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की जी चालत नाही आणि हलतही नाही. कुणाच्या अंगणात फियाट असते, कुणाच्या दिवाणखान्यात सुनेनं हौसेनं आणलेलं आणि कुणीच न वाजवलेलं सिंथेसायझर असतं. चिंतामणी हेरेकरांच्या मागच्या खोलीत पेजर होते. चांगल्या तीन पत्र्याच्या ट्रंका भरून होते.

मोबाइल हातात घेऊनच जन्माला आलेल्यांसाठी सांगायला हवं, की पेजर म्हणजे पट्ट्याला अडकवायची काडेपेटीहून थोडी मोठी डबी. निरोप देणाऱ्यानं कंपनीच्या कचेरीत फोन करायचा, तिथल्या मुलीला निरोप सांगायचा, ती तो टाइप करणार, आणि मग इकडे डबी थरथरून त्यावर इंग्रजी अक्षरं उमटणार. आलेला निरोप निमूट वाचायचा. उलट बोलायची सोय त्यात नव्हती. विवाहित पुरुषासाठी याहून योग्य यंत्र पुढे निघालंच नाही, असं कल्याणीबाईंचं, म्हणजे सौ. हेरेकरांचं, मत होतं.

सत्त्याण्णव ते दोन हजार एक या काळात चिंतामणी अशाच एका कंपनीचे बेळगाव शाखेचे इनचार्ज होते. ती चार वर्षं त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. कुणाच्या लग्नात पंगतीला बसले की हमखास कमरेला थरथर व्हायची. मग ते डबी काढत, चष्मा कपाळावर सारत, दोन भुवयांच्या मधे एक खोल आठी घालत आणि यजमानांना म्हणत, “मला जावं लागेल.” लोक आदरानं वाट करून देत. डबीवर लिहिलेलं असायचं, ‘दूध नासलं, येताना आणा.’ हे फक्त तिघांना ठाऊक असायचं: चिंतामणींना, कल्याणीबाईंना आणि टाइप करणाऱ्या मुलीला.

पुढे मोबाइल आले आणि कंपनीनं गाशा गुंडाळला. शेवटचं पत्र आलं, त्यात होतं, ‘शिल्लक माल सांभाळून ठेवावा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.’ चिंतामणींनी माल सांभाळला. ते पॉलिटेक्निकात शिकवायला लागले, तिथून निवृत्तही झाले. कंपनी बुडाली, तिची इमारत पाडून तिथं मंगल कार्यालय झालं, तरी माणूस यायचा आहे म्हणून ट्रंका जागच्या हलल्या नाहीत. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

गेल्या जूनमध्ये कल्याणीबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि प्रश्न ऐरणीवर आला. चौतीस वर्षं त्यांनी वर्गांना खोल्या वाटल्या, बाकं वाटली. स्वतःची वह्या तपासायची जागा मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याचं टोक. एका सकाळी चहाचा कप ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, मला एक टेबल हवंय, एक खुर्ची हवीये, आणि एक दार हवंय. आतून लावता येईल असं.”

असं दार घरात एकच होतं आणि त्याच्या आत ट्रंका होत्या. भंगारवाल्या मष्णूला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलंय, हेही त्यांनी सांगून टाकलं. चिंतामणींनी कप खाली ठेवला. कामाची वस्तू भंगारात देतात का, असं त्यांनी विचारलं. त्यावर कल्याणीबाईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात, शांतपणे सांगितलं की मग काम दाखवा. संक्रांतीपर्यंत यातल्या एका तरी डबीचा कुणाला तरी खरा उपयोग झाला, तर त्या पुन्हा तोंडातून शब्द काढणार नव्हत्या.

म्हणजे बघा, वरवर पाहता गोष्ट तीन ट्रंकांची. पण चिंतामणींना ठाऊक होतं की मष्णूच्या तराजूत नुसते पेजर बसणार नाहीत. ती चार वर्षंही बसणार होती, आणि आपण आयुष्यात एकदा तरी काळाच्या पुढे होतो हा समजही.

चार दिवस बसून त्यांनी एकेका डबीचं पोट उघडलं, गंज खरवडला आणि नवे सेल घातले. शेचाळीस जिवंत निघाल्या. ट्रंकेच्या तळाशी एक छोटा ट्रान्समीटर होता, कुठल्याशा दवाखान्यानं वॉर्डातून डॉक्टरांना बोलवायला मागवलेला आणि मग नको म्हटलेला. त्याचा आवाका जेमतेम दोन-तीन गल्ल्यांचा. चिंतामणींनी गच्चीवर काठीला तार बांधली, यंत्राची बटणं दाबली, आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्याशेजारी ठेवलेली डबी थरथरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते फोडणीमुळे, असं त्यांनी कल्याणीबाईंना सांगितलं.

गच्चीवर तार दिसल्यावर शेजारी सल्ले घेऊन यायला लागले. टिळकवाडीत सल्ला मागावा लागत नाही, फक्त गच्चीवर जावं लागतं. एकानं म्हटलं, डब्यांच्या आत घड्याळं बसवा. एका बाईंनी त्यांचे फ्रिजला चिकटवायचे शोपीस करायला सांगितले. समोरचे रविराज वकील मात्र गंभीर झाले. ते म्हणाले, “हेरेकर, कॅम्पात मिलिटरी हाय. तुमची लहर तिकडं गेली की गाडी दारात आलीच समजा. आणि लायसन्स हाय काय तुमच्याकडं?” दोन दिवसांनी खरोखरच एक हिरवी जीप दारात थांबली. चिंतामणींनी यंत्राचं बटण बंद केलं, त्यावर सोवळ्याचं धोतर टाकलं आणि हातात जपमाळ घेऊन ओसरीवर बसले. जीपमधल्या जवानानं अत्यंत नम्रपणे पोराच्या शिकवणीच्या क्लासचा पत्ता विचारला. चिंतामणींनी तो चुकीचा सांगितला, कारण त्या क्षणी त्यांना स्वतःचाही पत्ता आठवत नव्हता.

पण लायसन्सचा मुद्दा कायदेशीर होता आणि चिंतामणी कायद्याचे. त्यांनी बिनतारी खात्याची कचेरी शोधून काढली आणि अर्ज घेऊन गेले. टेबलामागच्या माणसानं अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग सेवेचं नाव विचारलं. पेजिंग, असं चिंतामणींनी सांगितलं. त्यानं यादीवरून बोट फिरवलं आणि कानडीत म्हणाला, “आगोदिल्ल री.” होणार नाही. का होणार नाही? तर ही सेवा देशात बंद झाली आहे, तेव्हा तिचं लायसन्स कसं देणार? मग लायसन्सविना वापरू का? तेही आगोदिल्ल. मग नकार लेखी द्या, असं चिंतामणी म्हणाले. त्यावर तीन टेबलांवर चर्चा झाली. जी सेवाच नाही तिला नकार तरी कसा देणार? चौथ्या खेपेला त्यांना शिक्क्याचं पत्र मिळालं: ‘सदर सेवा अस्तित्वात नसल्याने परवानगी देण्याचा अथवा नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ चिंतामणींनी ते घरी जायच्या आधी लॅमिनेट करून घेतलं. इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांना आजवर कुणी परवानगी दिली नव्हती.

पहिला प्रयोग झाला निपाणीला. कल्याणीबाईंचे धाकटे बंधू विक्रम तिथं तंबाखूच्या वखारीवर मॅनेजर. वखारीसमोर माल भरायला ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर कुठंतरी चहाला जायचे आणि नंबर आला की त्यांना हुडकत फिरावं लागायचं. चिंतामणींनी ट्रान्समीटर बरोबर नेला, सहा ड्रायव्हरांना सहा डब्या दिल्या आणि नंबर आला की थरथरेल म्हणून सांगितलं. विक्रमला कल्पना पसंत पडली. पहिले दोन नंबर झकास गेले. पण माल भरून झाल्यावर डबी परत द्यायची असते, हे सांगायचं राहून गेलं होतं. तीन ट्रक डब्यांसकट हायवेला लागले. एक संकेश्वरला गाठला, एक टोलनाक्यावर. तिसऱ्या डबीसाठी चिंतामणी एस.टी.नं कोल्हापूरला गेले, तेव्हा ड्रायव्हर ती आपल्या मुलीच्या खेळण्यात देऊन मोकळा झाला होता. चार वर्षांच्या त्या मुलीकडून डबी काढून घेताना जे रडणं झालं, त्यानं गल्लीतली माणसं गोळा झाली. चिंतामणींना तिथं ‘म्हातारं असून पोरीचं खेळणं वढतंय’ असं ऐकून घ्यावं लागलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले आणि निपाणीला उतरून विक्रमला तोंडही न दाखवता बेळगावची बस धरली.

दुसरा प्रयोग त्यांच्याकडे आपण होऊन चालत आला. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये चिंतामणींच्या हाताखाली असलेला भरमा कडोलीच्या पुढे हुणसेवाडीला राहायचा, घरची शेती, चार म्हशी. सकाळी कामावर येताना हेरेकरांकडे दूध घालायचा. त्याची एक म्हैस संध्याकाळी तळ्यातून वेळेवर घरी येत नसे. तिच्या गळ्यात एक डबी बांधून बघू, असं त्यालाच सुचलं. चिंतामणी ट्रान्समीटर घेऊन हुणसेवाडीला गेले. साडेपाचला त्यांनी बटण दाबलं. गळ्याशी थरथर होताच म्हशीनं मान वर केली, विचार केला, आणि तळ्यात आणखी खोल जाऊन पाण्याखाली गळा बुडवून बसली. डबी गेली. भरमाला मात्र समाधान वाटलं. “यंत्र लागू पडलं सर,” तो म्हणाला. “जनावराला तिचं तिला कळलं की आपल्याला कुणीतरी बोलवायलाय. आता येणं न येणं तिची मर्जी.”

आता राहिल्या पंचेचाळीस, आणि त्यात डिसेंबरचा सव्विसावा दिवस.

पण तळ्याच्या काठावर पाय सोडून बसल्या बसल्या भरमानं आपलं दुःख सांगितलं आणि गोष्टीला वळण लागलं. कडोलीचं साहित्य संमेलन बघून हुणसेवाडीनंही पंधरा वर्षांपूर्वी आपलं संमेलन सुरू केलं होतं आणि भरमा त्याचा कार्यवाह होता. दरवर्षी सगळं यथासांग व्हायचं. अडचण एकच: पाहुणे बोलायचे थांबत नसत. घंटा वाजवून पाहिली, पाहुण्यांना ती जवळच्या देवळातली वाटली. चिठ्ठी पाठवून पाहिली. पाहुणे ती मोठ्यानं वाचून दाखवत, ‘संयोजकांची सूचना रास्त आहे’ म्हणत, घडी घालून खिशात ठेवत आणि पुढं बोलत. पाहुण्याच्या कोटाला धरून ओढणं हुणसेवाडीच्या रक्तात नव्हतं. परिणामी एकचं जेवण चारला. गेल्या वर्षी भाताच्या डेगीत अक्षरशः कुदळ घालावी लागली, असं भरमाचं म्हणणं. यंदा स्वयंपाकाची सगळी सूत्रं हातात असलेल्या बाळाबाईंनी कमिटीपुढं येऊन सांगितलं होतं, “एकला पंगत बसली तर माझं नाव बाळाबाई. न्हाय बसली तर पुढच्या वर्साला तुमचं तुम्ही रांधा.” आणि बाळाबाई गेल्या की त्यांच्याबरोबरच्या वीस बाया जाणार, आणि बाया गेल्या की जेवण गेलं, आणि जेवण गेलं की संमेलनाला कोण येतंय, हे भरमाला न सांगता कळत होतं.

चिंतामणी ताडकन उठून उभे राहिले. इतकी साधी गोष्ट पंधरा वर्षांत कुणाला सुचू नये, याचं त्यांना नवल वाटलं. पाहुण्याच्या कमरेला डबी लावायची. वेळ झाली की गपचूप थरथर. कुणाला दिसत नाही, कुणाचा अपमान नाही. पाच वक्ते, पाच डब्या.

पुढचे आठ दिवस हेरेकरांच्या घरात उत्सव होता. पाच डब्यांना त्यांनी एक ते पाच असे वेगळे नंबर लावले आणि त्या बुंदीच्या लाडवांच्या डब्यात ठेवल्या. बाकी एकोणचाळीस डब्यांचे नंबर पूर्वीचेच होते. कंपनी सकाळी राशिभविष्य आणि क्रिकेटचा स्कोअर सगळ्यांना एकदम पाठवायची, तो सर्वांचा सामाईक नंबर मात्र पाचांतही होता. शून्य नंबरची आपली स्वतःची जुनी डबी त्यांनी ब्रासोनं घासली आणि पट्ट्याला लावली. एकोणचाळीस बरोबर न्यायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. पण कल्याणीबाई म्हणाल्या की ट्रंका घ्याच, जमलं तर तिथंच वाटून या. घड्याळाकडं बघायला म्हणून त्या स्वतःही निघाल्या. घड्याळाचं निमित्त, खरं तर नवरा तोंडघशी पडला तर जवळ कुणीतरी असावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

संमेलन रविवारी होतं. मांडव शाळेच्या पटांगणात घातलेला आणि लागूनच चौथीचा वर्ग. त्याच्या खिडकीतून व्यासपीठ दिसायचं. चिंतामणींनी तिथं यंत्र मांडलं, लॅमिनेट केलेलं पत्र फळ्याला टेकवून ठेवलं आणि लाडवांचा डबा व ट्रंका भरमाच्या ताब्यात दिल्या. डबी लावताना प्रत्येक वक्त्याला नीट समजावून सांग, असंही बजावलं.

भरमानं समजावून सांगितलं नाही. तो तरी काय करणार? मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याला नारळ देताना त्याच तोंडानं ‘हे थरथरलं की गप बसा’ असं कसं म्हणायचं? तेव्हा त्यानं शाल, श्रीफळ आणि मानाची डबी असा आहेर केला. इथंच सगळं फिसकटलं. कारण हुणसेवाडीत मान हा प्रकार पाच जणांना देऊन थांबवता येत नाही. डबीचा मान पाहुण्यांनाच का, असं पंचायतीचे माजी चेअरमन गुंडू आप्पांनी विचारलं. मग मांडववाल्या शामूनं विचारलं, कारण मांडव त्यानं फुकट घातला होता. मग भजनी मंडळानं विचारलं, मग देणगीदारांनी. भरमाला तोड सुचली. टॉवेल-टोप्यांचा आहेर करतात तसा त्यानं एका परातीत सगळ्या डब्यांचा ढीग केला, लाडवांचा डबाही त्यातच रिकामा केला, वर हळद-कुंकू वाहिलं, आणि हाताला येईल ती डबी पाहुणे-गावकरी सगळ्यांच्या कमरेला लावत सुटला. हे कशासाठी, असं कुणी विचारलं की तो सांगे, “व्यासपीठावर बोलवायचं असलं की हे थरथरतंय.”

यातलं काहीही चौथीच्या वर्गात ठाऊक नव्हतं.

उद्घाटक पुण्याचे एक वकील होते. त्यांची वीस मिनिटं झाली, तीस झाली, पस्तीस झाली. कल्याणीबाईंनी घड्याळावर बोट ठेवलं. चिंतामणींनी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेऊन एक नंबरचं बटण दाबलं. वकिलांवर काहीही परिणाम झाला नाही. दुसऱ्या रांगेत मात्र गुंडू आप्पा दचकून उभे राहिले, फेटा सारखा केला आणि काठी टेकत व्यासपीठाकडे निघाले. एवढं वयस्क माणूस आपल्याकडे येतंय म्हटल्यावर वकिलांनी बोलणं थांबवून त्यांना वाकून नमस्कार केला. आप्पांनी माइक हातात घेतला. पंधरा वर्षांत त्यांना कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. “मी काय बोलू,” ते म्हणाले. “पाऊस बरा झाला. रताळी बरी आली. पोरं वाचायलीत, लिव्हायलीत, लई बरं वाटतंय. बसतो.” टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वकिलांना पुन्हा माइककडं जायचा धीर झाला नाही.

“झालं की,” कल्याणीबाई म्हणाल्या.

“असं व्हायला नको होतं,” चिंतामणी म्हणाले. तंत्रज्ञाला चुकून मिळालेलं यश पचत नाही.

दोन नंबरला मांडववाला शामू खिशात पक्कड घेऊन वर आला. बोलायला बोलावलंय म्हटल्यावर त्यानं खांबांना कुणी टेकू नये एवढं सांगितलं आणि कवितेवर बोलणाऱ्या बाईंची लय तुटली ती तुटलीच. तीन नंबरला भजनी मंडळाचे पेटीवाले आले. चार नंबर दाबल्यावर मांडवात कुणीच उठलं नाही. स्वयंपाकाच्या शेडमध्ये भांडं पडल्याचा आवाज तेवढा आला, आणि जेवण खोळंबलंय असं वाटून वक्त्यांनी ओशाळून आवरतं घेतलं. चिंतामणींनी यंत्राची तार पुन्हा घट्ट केली. एकेका वक्त्याचं बोलणं थांबत होतं हे खरं, पण पेजरनं थांबत नव्हतं. जे थांबत होते ते लाजेनं थांबत होते, आणि लाजेचा शोध काही त्यांनी लावलेला नव्हता.

मग अध्यक्ष उठले. कोल्हापूरचे निवृत्त प्राचार्य. भारदस्त आवाज, हातात कागद नाही, आणि कागद नसलेल्या वक्त्याइतका भीतिदायक प्राणी संमेलनात दुसरा नाही. विषय होता ‘सीमाभागातील मराठी: काल, आज आणि उद्या’. बारा पस्तीस झाले तेव्हा ते ‘काल’मध्येच होते आणि कालमधलेही शिलाहार चालू होते. चिंतामणींनी पाच नंबर दाबला. एक देणगीदार वर आले. अध्यक्षांनी ‘या, बसा’ म्हणून त्यांना खुर्ची दिली आणि यादवांकडे वळले. यांना लाजही लागू पडत नव्हती.

तेवढ्यात चौथीच्या दारात बाळाबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात झारा आणि कमरेला, पदर खोचला होता तिथं, एक पेजर. चार नंबरचा. “कवाधरनं हे गुदगुल्या करायलंय,” त्या म्हणाल्या. “सर, भात उतरलाय. एकला दहा मिनटं कमी हाईत. त्या बाबाला आवरतंय का न्हाय तुमचं यंत्र?”

चिंतामणींनी बाळाबाईंच्या कमरेकडं पाहिलं आणि परातीत काय झालं असेल ते त्यांना एका क्षणात उमगलं. खुर्चीवर बसून त्यांनी डोळे मिटून घेतले. कोल्हापूरचं रडणारं पोर, पाण्यात बसलेली म्हैस आणि तराजू घेऊन आलेला मष्णू असे सगळे त्यांना एकापाठोपाठ दिसले. अध्यक्षांच्या कमरेला काहीतरी डबी आहे एवढं दिसत होतं. तिचा नंबर देव जाणे. मग शेवटचाच उपाय उरला: जो निरोप सगळ्यांना जातो तो त्यांनाही जाईल. राशिभविष्याचं बटण. त्यांनी ते दाबलं आणि दाबूनच धरलं.

मांडवात आणि आसपास एकदम चव्वेचाळीस ठिकाणी थरथर झाली. अध्यक्षांना ती जाणवलीच नाही, त्यांची डबी कोटाच्या जाड अस्तरावर होती. पण गावातला झाडून सगळा मान, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकाच वेळी उठून उभा राहिला. मानकरी उभे राहिले म्हणून बाया उभ्या राहिल्या, मोठे उभे राहिले म्हणून पोरं. अख्खा मांडव हात जोडून व्यासपीठाकडं निघाला.

अध्यक्ष वाक्याच्या मध्येच थांबले. चाळीस वर्षं ते भाषणं करत होते; लोक उठून जाताना त्यांनी पुष्कळ पाहिले होते, उठून जवळ येताना कधीच नाही. त्यांचे ओठ थरथरले. डोळ्यांना रुमाल लावून ते म्हणाले, “एवढं प्रेम मला सोसवणार नाही. आज आणि उद्याबद्दल मी पुढच्या वर्षी बोलेन.” आणि ते बसले. बारा बावन्न झाले होते.

भरमा आनंदानं धावतच वर्गात आला आणि नको नको म्हणत असलेल्या चिंतामणींना दंडाला धरून व्यासपीठावर घेऊन गेला. शाल आली, नारळ आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा वेळेत संपलेलं संमेलन ज्यांच्या यंत्रामुळं, ते हेरेकर सर आता दोन शब्द बोलतील, असं त्यानं माइकवरून सांगून टाकलं.

चिंतामणींनी ठरवलं होतं की खरं सांगायचं आणि बसायचं. पण समोर आठशे माणसं होती. चोवीस वर्षांत पेजर या विषयावर त्यांचं कुणी दोन मिनिटं ऐकून घेतलं नव्हतं. ते म्हणाले, “बिनतारी संदेशवहनाचा इतिहास थोडक्यात पाहायचा तर…” आणि सुरू झाले. लहर म्हणजे काय ते झालं. वारंवारिता झाली. सत्त्याण्णव साली शाखेचं उद्घाटन कसं झालं, नारळ पहिल्या फटक्यात कसा फुटला नाही, ते सगळं आलं. आवाज चढला, हात हलायला लागले. भरमा घड्याळ बघायला लागला. शेडच्या दारात बाळाबाई झारा घेऊन उभ्या राहिल्या. पाहुण्याला आवरायचं कसं, हा हुणसेवाडीचा प्रश्न होता तिथंच येऊन उभा राहिला आणि या वेळी पाहुणा होता यंत्रवालाच.

चौथीच्या वर्गात कल्याणीबाई एकट्याच होत्या. पलीकडचं सगळं त्यांना खिडकीतून दिसत होतं. नवऱ्याचा इतका उजळलेला चेहरा त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता. तो तसाच राहावा असं त्यांना मनापासून वाटलं, आणि बाळाबाईंचा चेहराही दिसत होता. त्यांनी खुर्ची यंत्रापुढं ओढली, चष्मा लावला आणि एका बोटानं सावकाश अक्षरं दाबली. नंबर घातला शून्य.

चिंतामणींच्या कमरेला थरथर झाली.

ते बोलता बोलता थांबले. हात आपोआप पट्ट्याकडं गेला. त्यांनी डबी काढली, चष्मा कपाळावर सारला आणि दोन भुवयांच्या मधे तीच खोल आठी घातली. इवल्याशा पट्टीवर जुन्या हिरव्या उजेडात इंग्रजी अक्षरं होती: ‘भात गार होतोय. या.’

चोवीस वर्षांत त्यांच्या नावावर आलेला तो पहिला निरोप. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. कल्याणीबाई तिकडूनच पाहत होत्या. चिंतामणींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इथं फोडणीही नव्हती. त्यांनी माइक जवळ घेतला.

“मला जावं लागेल,” ते म्हणाले.

बरोबर एकला पंगत बसली. बाळाबाईंनी पहिला वाफाळता भात चिंतामणींच्या पानात घातला आणि वर तुपाची धार धरली ती त्यांनी दोनदा पुरे म्हणेपर्यंत थांबवली नाही. परातीची गोष्ट जेवताना त्यांनी भरमाला सांगायचा प्रयत्न केला. भरमा म्हणाला, “सर, कसं का असंना. म्हशीवानीच झालं. बोलवलेलं कळलं, एवढं लई.” डब्या परत घ्यायचा विषय निघाल्यावर गुंडू आप्पांनी आपल्या पट्ट्यावर हात ठेवला. एकदा दिलेला मान काढून घेतात होय? शेवटी ट्रंकांसकट सगळं हुणसेवाडीतच राहिलं, पुढच्या वर्षीसाठी. निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षांच्या खाली एक ओळ वाढणार आहे: ‘थरथर: श्री. चिंतामणी हेरेकर’.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मष्णू आला आणि तिळगूळ खाऊन रिकाम्या हातानं परत गेला. मागच्या खोलीत टेबल आलं, खुर्ची आली. शून्य नंबरची डबी आणि ट्रान्समीटर तेवढा परत आणला होता. तो आता कुठं ठेवायचा, असं चिंतामणींनी भीत भीत विचारलं, तर कल्याणीबाई म्हणाल्या, टेबलावर ठेवा, माझ्या. मग त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं, आतून.

चिंतामणी ओसरीवर पेपर वाचत बसले. दहा मिनिटांनी कमरेला थरथर झाली. आठी घालून त्यांनी डबी काढली. लिहिलं होतं, ‘चहा. आलं घालून.’

समोरच्या गच्चीवरून रविराज वकिलांनी विचारलं, काय हो, कसला निरोप? चिंतामणी पेपरची घडी घालून उठले आणि स्वयंपाकघराकडं निघाले. त्या डबीत उलट बोलायची सोय अजूनही नाही.